बालशिक्षण की विशेष शिक्षण: प्रवेश घेण्यापूर्वी काय करावे

लहान मुलांना शिकवण्याची इच्छा असलेल्या ठाण्या-नवी मुंबईतील मुली, आणि अलीकडे काही तरुणही, मला भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न 'कोणता कोर्स करू?' हा असतो. माझी विनंती अशी असते की, शुल्क भरण्याआधी आठ दिवस वर्गात सतरंजीवर बसून पाहावे: चार दिवस घराजवळच्या बालवाडीत आणि चार दिवस विशेष, म्हणजे दिव्यांग मुलांच्या, शाळेत.

यासाठी मुख्याध्यापिकांच्या नावे साधे पत्र द्यावे. आपला परिचय, येण्याची वेळ आणि मुलांची छायाचित्रे काढणार नाही ही हमी त्यात असावी. ठाणे महानगरपालिकेची 'जिद्द' ही विशेष शाळा किंवा नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे वाशीचे ईटीसी केंद्र अशा ठिकाणी रीतसर विचारणा करता येते. परवानगी मिळेपर्यंत दोन-तीन फेऱ्या झाल्या तरी नाउमेद होऊ नये, कारण अनोळखी माणूस वर्गात आला की काही मुलांची पूर्ण सकाळ बिघडते आणि शाळेला तो विचार करावाच लागतो.

वर्गात बसल्यावर एकच मूल निवडावे आणि दिसेल तेवढेच वहीत लिहावे. 'मुलगा चंचल आहे' हे निरीक्षण नव्हे. 'दहा मिनिटांत चार वेळा उठला आणि दर वेळी पंख्याखाली जाऊन उभा राहिला' हे निरीक्षण आहे, कारण त्यावरून दुसऱ्या दिवशी काय करायचे ते ठरवता येते. बाई काय करतात, तेही टिपावे. एका वर्गात सहा वर्षांच्या मुलाला सदऱ्याचे बटण लावायला शिकवणे चालले होते. बाईंनी बटण काजातून जवळजवळ बाहेर काढून ठेवले आणि शेवटचे ओढणे तेवढे त्याच्यावर सोपवले. ते अंगवळणी पडल्यावर त्यांनी अर्धेच काढून ठेवायला सुरुवात केली. अशा रीतीने शेवटच्या पायरीकडून मागे येत शिकवले की काम पुरे केल्याचा आनंद मुलाला रोज मिळतो. तीच पायरी पुन्हा पुन्हा करून घेताना आपला जीव रमतो की कंटाळतो, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

त्यानंतर वाट ठरवावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये 3 ते 8 वर्षे हा पायाभूत टप्पा मानलेला आहे. खासगी बालवाडीसाठी बालशिक्षणाची पदविका उपयोगी पडते, अंगणवाडी सेविकेसाठी बारावी उत्तीर्ण आणि स्थानिक रहिवासी असण्याची अट आहे, तर पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा लागते. बोर्डीला 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पाड्यावरच्या मुलांसाठी हाताशी असलेल्या वस्तूंतून त्यांनी शैक्षणिक साधने घडवली. बालवाडीत काम करू इच्छिणाऱ्याने त्यांचे काम अवश्य समजून घ्यावे.

विशेष शिक्षणाची वाट अधिक काटेकोर आहे. 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. बारावीनंतर दोन वर्षांचा विशेष डी.एड. आणि पदवीनंतर विशेष बी.एड. करता येतो, मात्र बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष यांसारखी शाखा प्रवेशाच्या वेळीच निवडावी लागते, म्हणून विशेष शाळेतले ते चार दिवस फार मोलाचे ठरतात. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र खारघरला आहे, आणि वाक्-श्रवणासाठीची अली यावर जंग संस्था वांद्र्याला आहे.

येथे मी स्वतः चूक केली होती. सुरुवातीला मी घरबसल्या सहा महिन्यांचे एक प्रमाणपत्र घेतले, आणि त्यावर नोंदणी मिळत नाही हे मला नोकरीच्या मुलाखतीत कळले. पैशांपेक्षा वाया गेलेल्या वर्षाचे दुःख मोठे होते. म्हणून संस्था, शाखा आणि प्रवेशाचे वर्ष या तिन्हींची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावी. माहितीपत्रकातील 'मान्यताप्राप्त' या शब्दावर विसंबू नये.

नोकरी केवळ विशेष शाळेतच असते असे नाही. सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षक नेमावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले असून, प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांबरोबर निरीक्षणाची वहीही न्यावी, मात्र तीत मुलाचे नाव कोठेही नसावे.

एका प्रसंगाची तयारी मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. शाळा सुटल्यावर एखादी आई फाटकापाशी थांबून विचारते, "बाई, माझा मुलगा बोलेल ना?" तेव्हा होकार देऊ नये आणि नकारही देऊ नये. आज पाणी हवे होते तेव्हा त्याने पेल्याकडे बोट दाखवले, हे तिला सांगावे, आणि घरीही पेला समोर धरून क्षणभर थांबायला शिकवावे.