डेटाप्रमुख नेमताय? या चुका टाळा

चीफ डेटा ऑफिसर, म्हणजे कंपनीच्या सगळ्या डेटाची जबाबदारी सांभाळणारा डेटाप्रमुख, या पदाचं काम गेल्या वीस वर्षांत पार बदललं, पण बऱ्याच कंपन्या माणूस नेमताना अजून जुनंच काम डोळ्यासमोर ठेवतात. कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने २००२ साली हे पद निर्माण केलं. ती पहिली कंपनी मानली जाते. पुढे २००८च्या आर्थिक संकटात, आपले किती पैसे कुणाकडे अडकलेत याची बेरीजच मोठमोठ्या बँकांना वेळेत जुळवता येईना. म्हणून बँकांसाठी जागतिक निकष ठरवणाऱ्या बॅसल समितीने जानेवारी २०१३मध्ये जोखमीच्या आकडेवारीसाठी १४ तत्त्वं घालून दिली. आकडे सांभाळणाऱ्या माणसाला आता आकड्यांचा जाबही द्यावा लागू लागला. अधिकार मात्र त्या प्रमाणात मिळाले नाहीत, आणि घोडं इथेच पेंड खातं.

सगळ्यात महागात पडते ती मुख्यालयात बसून डेटा साफ करत राहण्याची चूक. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या शाखेत काय चालतं ते बघा. काउंटरवर रांग, डोक्यावर महिनाअखेरचं टार्गेट, आणि जन्मतारीख भरल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही. अर्जावरची तारीख वाचता आली नाही की १ जानेवारी ठोकून दिली जाते. मोबाइल नंबर नसला तर एजंटचा टाकतात. मुख्यालयातली टीम वर्षभर घाम गाळून हे दुरुस्त करते आणि शाखा रोज नवी भर घालते.

तपासायला सोपं आहे. १ जानेवारीला जन्मलेले ग्राहक किती आणि एकाच मोबाइल नंबरवर किती खाती, हे शाखावार काढा. ज्यांनी आधारसाठी नोंदणी करताना फक्त वय सांगितलं, त्यांची तारीखही बहुतेकदा १ जानेवारीच पडलेली असते. त्या नोंदी आधी बाजूला काढा. उरलेला फुगवटा ठरावीक शाखांमधूनच येत असेल, तर सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही. त्या नोंदींची जबाबदारी शाखाप्रमुखाच्या वार्षिक मूल्यमापनात घाला. आणि फॉर्म बदलायचा, चुकीची नोंद परत पाठवायची, हा अधिकार डेटाप्रमुखाला लेखी द्या. सांगायला सगळे तयार असतात, लेखी द्यायची वेळ आली की हात आखडतो.

हा प्रश्न फक्त छोट्या संस्थांचा नाही. सिटी बँकेला ऑक्टोबर २०२०मध्ये अमेरिकी नियामकाने ४० कोटी डॉलरचा दंड केला. कारणांमध्ये डेटाच्या व्यवस्थापनातल्या त्रुटी होत्या. जुलै २०२४मध्ये, सुधारणा पुरेशी झाली नाही म्हणून सिटीला आणखी सुमारे १३.६ कोटी डॉलर भरावे लागले. पैसा आणि माणसं या बँकेकडे कमी नव्हती.

डेटाप्रमुखाला आयटी विभागाच्या हाताखाली बसवणं ही दुसरी चूक. आयटीचं बजेट सिस्टीम चालू ठेवण्यात संपतं, आणि शाखांच्या कामकाजाला हात घालणं त्या खुर्चीतून जमत नाही. पहिल्या वर्षाचं यश डॅशबोर्ड मोजून ठरवू नका. त्यापेक्षा अर्थ विभाग आणि विक्री विभाग ‘चालू ग्राहक’ एकाच पद्धतीने मोजू लागले का, ते विचारा.

एआय आल्यापासून तेही काम याच माणसाच्या गळ्यात पडतंय. पदाच्या नावात एआय जोडायला हरकत नाही, पण माणसं आणि पैसा तेवढाच ठेवलात तर डेटा सुधारण्याचं काम मागे पडणार, हे धरून चाला.

भारतातल्या कंपन्यांनी आणखी एक सांभाळावं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सरकार ज्यांना ‘महत्त्वपूर्ण’ ठरवेल, त्या कंपन्यांना भारतातच राहणारा आणि थेट संचालक मंडळाला उत्तरदायी असा डेटा संरक्षण अधिकारी नेमावा लागेल. खर्च वाचवायला ही जबाबदारी डेटाप्रमुखालाच देऊ नका. विपणन विभागासाठी ग्राहकांची यादी त्यानेच काढायची आणि ग्राहकाने संमती दिली होती का हेही त्यानेच तपासायचं, तर ती तपासणी कागदावरच राहील.