मैत्रिणीला रेसिपी पाठवताय? या चुका टाळा

पुण्याच्या मैत्रिणीला गोळाभाताची कृती पाठवली, तेव्हा याहून सोपं काही नसेल असंच मला वाटत होतं. आमच्याकडे नागपुरात घरात भाजी नसली की गोळाभात ठरलेला. संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, गोळे कुठे गेले तेच कळत नाहीये. सगळं पातेलं पिवळं झालंय." मग फोटो आला. त्यात भात वेगळा दिसत नव्हता आणि गोळेही.

मी पाठवलेला मेसेज पुन्हा वाचला. "एक वाटी डाळीचं पीठ, तिखट-मीठ-हळद, मोहन घालून गोळे करायचे, भातावर ठेवून वाफ आणायची, वरून फोडणी." यात चुकीचं काहीच नव्हतं. पण ज्याने गोळाभात कधी पाहिलाच नाही, त्याला यावरून तो जमणं शक्य नव्हतं.

तासभर फोनवर बोललो, तेव्हा तीन कारणं सापडली. पहिलं पीठ. आम्ही बोलताना 'डाळीचं पीठ' म्हणतो, पण घरात त्यासाठी असतो तो भरडा, म्हणजे रव्यासारखी जाडसर दळलेली चणाडाळ. तिने दुकानातलं बारीक बेसन घेतलं. बेसन ओलं झालं की चिकटतं आणि गोळा आतून घट्ट राहतो. भरड्याच्या कणांमधून वाफ आत शिरते, त्यामुळे गोळा आतपर्यंत शिजतो आणि वाढताना हाताने सहज कुस्करता येतो. दुसरं कारण तांदूळ. माझ्या डब्यात एचएमटी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून निवडून तयार केलेलं वाण. त्याचा भात मोकळा होतो. तिच्या डब्यात इंद्रायणी. तो सुवासिक असतो, पण चिकट, आणि त्याला पाणी कमी लागतं. एचएमटीला लागतं तेवढ्या पाण्यात त्याचा गरगट भात होणारच होता. तिसरं कारण वेळ. 'भातावर ठेवायचे' म्हणजे नक्की कधी? तिने पाणी खदखदत असतानाच गोळे सोडले. मी ते ठेवते पाणी आटून भातावर लहान लहान छिद्रं दिसायला लागली की. हे मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या शेजारी उभं राहून डोळ्यांनी शिकले.

सगळ्यात मोठी चूक हीच. रोजच्या पदार्थात जे हाताला पाठ असतं, नेमकं तेच लिहायचं राहतं. साहित्य आपण आठवून आठवून लिहितो आणि ज्याच्यावर पदार्थ तरतो ते दोन-तीन क्षण गाळतो. यावर मला एकच उपाय सापडला आहे. कृती आठवणीतून लिहायची नाही. पुढच्या वेळी तो पदार्थ कराल तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि हात काय करतोय ते मोठ्याने बोलत राहा. 'आता गॅस बारीक केला. आता झाकण काढून पाहिलं. अजून कच्चा वास येतोय, दोन मिनिटं थांबते.' नंतर ते ऐकून लिहा. झाकण किती वेळा उघडता, हाताला किती वेळा पाणी लावता, हे तेव्हा कळतं.

मिनिटांच्या जोडीला खूणही लिहा. 'पाच मिनिटं परता' यापेक्षा 'खमंग वास येईपर्यंत आणि कडेने तेल सुटेपर्यंत परता, साधारण पाच मिनिटं' हे कुठल्याही शेगडीवर, कुठल्याही कढईत चालतं.

आपले शब्द, त्यांचे शब्द

विदर्भाबाहेर रेसिपी पाठवताना ही चूक फार होते. आपण सांबार म्हणतो, ते उरलेल्या महाराष्ट्राला कोथिंबीर म्हणून माहीत. सांबारवडीच्या कृतीत 'दोन जुड्या सांबार बारीक चिरून' असं वाचून समोरची व्यक्ती इडलीसोबतचं सांबार चिरायचं कसं, या विचारात पडते. मुंगण्याच्या शेंगा म्हणजे शेवग्याच्या. आलू म्हणजे बटाटा. फल्लीचं तेल म्हणजे शेंगदाण्याचं.

सगळ्यात घोळ कोहळ्याचा. आपली कोहळ्याची बोंडं, म्हणजे तळलेली गोड भजी, लाल भोपळ्याची असतात. पश्चिम महाराष्ट्रात कोहळा म्हटलं की पेठ्याचा, पांढऱ्या गराचा. त्याला पाणी फार सुटतं आणि गोडवा जवळजवळ नसतो. गूळ घालून त्याची बोंडं करायला गेलं की पीठ पातळ होतं, मग कणीक वाढते, आणि शेवटी तळून निघतात ती कडक आणि बेचव.

आपला शब्द सोडायची गरज नाही. मला तर तो राहायलाच हवा असं वाटतं, पदार्थासोबत त्याचं नावही जावं. फक्त पहिल्यांदा दोन्ही शब्द लिहा, 'सांबार, म्हणजे कोथिंबीर', आणि पुढे बिनधास्त सांबार म्हणा.

वाटी कुठली?

घरातल्या वाट्या १०० मिलीपासून २०० मिलीपर्यंत कुठल्याही असतात आणि मापाचा कप २४० मिलीचा. भाजीत हे खपून जातं. ढोकळा, रव्याचा केक, बर्फी यांत खपत नाही. घरात डिजिटल काटा असेल तर आपली नेहमीची वाटी त्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. हा आकडा एकदा लिहून ठेवला की जन्माचं काम होतं. वजन आणि माप यांची सरमिसळ मात्र टाळा. २४० मिलीच्या कपात साखर २०० ग्रॅम बसते आणि बेसन १०० ग्रॅमच्या आसपास.

आजीच्या वहीतली कृती पाठवत असाल तर आणखी जपून. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणून त्यातला पावशेर २३३ ग्रॅमचा, आजचा पाव किलो नव्हे. छटाक म्हणजे ५८ ग्रॅम. लाडवाच्या पाकात एवढ्या फरकानेही फरक पडतो.

तिखटाचंही तसंच. 'दोन चमचे तिखट' लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर भिवापुरी मिरची असते आणि सावजी रश्श्याची सवय असलेली जीभ. समोरच्याकडे बेडगी असेल तर रंग लालभडक येईल, पण झणका येणार नाही. उलट बेडगीच्या सवयीचा माणूस आपलं तिखट त्याच मापाने घालील तर घास गिळता येणार नाही. म्हणून मिरचीचं नाव लिहा आणि 'आधी निम्मं घाला, चव बघा' हेही लिहा. कुकरच्या शिट्ट्यांवर तर मी आता विसंबतच नाही. तीन लिटरचा आणि पाच लिटरचा कुकर, गॅस आणि इंडक्शन, प्रत्येकाची शिट्टी वेगळ्या वेळी होते. 'पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर दहा मिनिटं' हे जास्त खात्रीचं.

मे महिन्यातली कृती डिसेंबरात पाठवू नका

निदान तशीच्या तशी नको. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा इडलीचं पीठ पाच-सहा तासांत वर येतं आणि रात्रभर ठेवलं तर सकाळी आंबट ढाण. डिसेंबरच्या थंडीत तेच पीठ बारा-चौदा तासांनीही ढिम्म असतं. 'रात्रभर आंबवा' हे दोन शब्द एका ऋतूत बरोबर, दुसऱ्यात चूक. पीठ किती वर यायला हवं आणि वास कसा यायला हवा, ते सांगा.

संत्र्याचंही ऋतूवर असतं. ऑक्टोबर ते डिसेंबरात येणारी अंबिया बहाराची संत्री थोडी आंबटसर आणि फेब्रुवारी-मार्चमधली मृग बहाराची गोड. संत्रा बासुंदीच्या कृतीत साखर ठोक आकड्यात लिहिली, की एका मोसमात ती फसते. आणि दूध पूर्ण गार झाल्यावरच संत्र्याचा गर घालायचा, हे ठळक लिहा. गरम दुधात आंबट पडलं की ते फाटणारच. गरावरची पांढरी साल आणि बिया राहिल्या तर थोड्या वेळाने कडवटपणा उतरतो.

टिकण्याबद्दल लिहितानाही महिना लक्षात ठेवा. 'बाहेर दोन दिवस छान राहतं' हे थंडीतलं सत्य असतं. उन्हाळ्यात शिजलेला भात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात उबेत पडून राहिला तर त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. कच्चा लसूण तेलात बुडवून ठेवलेला ठेचा फ्रीजमध्येच हवा, तोही चार दिवसांपुरता. इथे संकोच करू नका. चव बिघडली तर पुन्हा करता येते, पोट बिघडलं तर माणूस आजारी पडतो.

त्याच काळजीने एक विचारायचं असतं, जे आपण विचारत नाही: घरात कुणाला काही वर्ज्य आहे का? आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट भाजीत, चटणीत, उसळीत सहज पडतो, म्हणून साहित्याच्या यादीत तो शेवटी कुठेतरी जातो किंवा राहूनच जातो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईसाठी तो पहिल्या ओळीत हवा. बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर मध असलेला कुठलाही पदार्थ त्याला द्यायचा नाही, हेही लिहून टाका.

आणि कृती कुणाकडून मिळाली, त्या व्यक्तीचं नाव सोबत जाऊ द्या. शेजारच्या काकूंनी विश्वासाने सांगितलेला मसाला असेल तर पाठवण्याआधी त्यांना विचारा. बहुतेकदा त्या आनंदाने हो म्हणतात, वर तुम्हाला न सांगितलेली एखादी गोष्टही सांगतात.

'बिघडलं गं' असा फोन आला की

'मी तर नेहमी अशीच करते' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. त्याने समोरची व्यक्ती गप्प होते आणि पुन्हा तो पदार्थ करत नाही. आधी फोटो मागा, मग विचारा: काय बदललं, कुठलं भांडं घेतलं, कुठल्या क्षणी बिघडल्यासारखं वाटलं? उत्तर बहुतेक वेळा यातच असतं.

सांबारवडी तेलात फुटली, तर जवळजवळ नेहमी सांबार ओला असतो. धुतल्यावर तो कापडावर पसरून पूर्ण कोरडा करायला हवा आणि सारणात मीठ अगदी भरायच्या वेळी घालायचं, कारण मिठाने पाणी सुटतं. झुणक्यात गुठळ्या झाल्या, तर पीठ उकळत्या पाण्यात एकदम पडलेलं असतं. डाळ शिजता शिजेना, तर चिंच किंवा टमाटर आधी घातला का ते विचारा, आंबटात डाळ मऊ पडत नाही. बोअरच्या जड पाण्यातही हेच होतं, अशा वेळी फिल्टरचं पाणी वापरून पाहायला सांगा.

पुण्याच्या मैत्रिणीला मी गोळाभात पुन्हा लिहून पाठवला. दुसऱ्यांदा तो जमला. तीच कृती खाली देते आहे. माप १५० मिलीच्या वाटीचं, तीन माणसांसाठी.

चणाडाळ मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून रव्याएवढा जाड भरडा करा. पाऊण वाटी भरड्यात अर्धा चमचा हळद, एक चमचा तिखट, चिमूटभर हिंग आणि मीठ घाला. दोन मोठे चमचे तेल कडकडीत तापवून त्यावर ओता, चमच्याने कालवा. आता पाणी चमच्याचमच्याने, तीन-चार चमच्यांच्या वर लागत नाही. मुठीत दाबलं की गोळा धरला पाहिजे, हाताला चिकटता कामा नये. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे भरडा पाणी पिईल. मग लिंबाएवढे गोळे घट्ट वळा.

एक वाटी तांदूळ धुऊन निथळा. एचएमटी किंवा तसा मोकळा होणारा जुना तांदूळ असेल तर अडीच वाट्या पाणी उकळून त्यात घाला. इंद्रायणी असेल तर दोन वाट्यांच्या आत. मीठ घाला. पाणी आटून भातावर छिद्रं दिसू लागली की गोळे एकमेकांना न लावता वर अलगद ठेवा, घट्ट झाकण लावा, पातेल्याखाली तवा सरकवा. बारीक आच, बारा ते पंधरा मिनिटं, मधे ढवळायचं नाही. एक गोळा फोडून बघा. आत कच्च्या डाळीचा वास नको. गॅस बंद करून पाच मिनिटं झाकण तसंच राहू द्या.

तोवर पाव वाटी तेल तापवून मोहरी तडतडू द्या, आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या सोनेरी होऊ द्या. गॅस बंद करा आणि मगच हिंग आणि सुक्या मिरच्या घाला, नाहीतर मिरच्या जळतात. ताटात भातावर गोळा कुस्करा, मधे खळगा करा, गरम फोडणी त्यात ओता. बाजूला चिंचेचं सार घ्या.