पोकर सिरियसली शिकायचंय? आधी गणित पक्कं करा
बडोद्यात दांडिया बाजारातली आपली पोरं विचारतात पोकरमध्ये करिअर कसं करायचं, तर आधी हे ऐका की गुजरात हायकोर्टाने 2017 मध्ये पोकरला जुगार धरलंय आणि 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेमही बंद झालेत, त्यामुळे इथे पैसे लावून अजिबात खेळू नका. फुकटच्या चिप्सवर शिका. समजा पॉटमध्ये (डावात मध्ये जमा झालेल्या रकमेत) 1000 आहेत, समोरच्याने 500 लावले, म्हणजे तुम्ही 500 टाकून 1500 मिळवायला बघताय, तर एकूण 2000 पैकी तुमचे 500, निदान 25 टक्के चान्स हवा ना. टर्नवर (टेबलावर चौथा पत्ता उघडल्यावर) फ्लश ड्रॉ असेल, म्हणजे एकाच चिन्हाचे चार पत्ते जमलेत आणि पाचवा यायचाय, तर न दिसलेल्या 46 पत्त्यांत कामाचे फक्त 9, साधारण 20 टक्के, मग सरळ फोल्ड करा, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडा (शेवटच्या पत्त्यावर समोरून अजून पैसे निघतील अशी खात्री असेल तर गोष्ट वेगळी). हे अंगवळणी पडेपर्यंत गोव्याच्या कॅसिनोचं नाव काढू नका, आणि नंतरही घरखर्चाचे पैसे वेगळेच ठेवा.