द्राक्षमळ्यातील औषध मारलेले डांब: पुन्हा वापर आणि सुरक्षित विल्हेवाट

इंदुरातील ज्या कुटुंबांची शेती महू, सांवेर किंवा देपालपूरकडे आहे आणि ज्यांनी द्राक्षाचा मांडव लाकडी डांबांवर उभा केला आहे, त्यांच्यापुढे मांडव मोडताना या डांबांचे करायचे काय, हा प्रश्न हमखास उभा राहतो. बहुतेक ठिकाणी ते सरपणात जातात, आणि नेमके तेच होता कामा नये. कुजू नये, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेले डांब अखंड असते तोवर त्यापासून होणारा धोका थोडा असतो; त्याचा धूर, राख, भुसा किंवा ढलप्या झाल्या की इतकी वर्षे लाकडात अडकून राहिलेले विष मोकळे होते. म्हणून डांब होता होईल तो डांब म्हणूनच वापरावे, आणि ते अगदी निकामी झाले की न जाळता, न दळता योग्य जागी पोहोचवावे.

हे औषध म्हणजे बहुधा तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण असते. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी ते सिद्ध केले आणि पुढे ते जगभर पसरले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवीला मारते आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंत घट्ट बसवते. त्याच्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या प्रकारात आर्सेनिकच्या ऑक्साइडचे प्रमाण ३४ टक्के असते. एका घनमीटर लाकडात साधारण साडेसहा किलो औषध मुरवले आहे असे धरले, तर ८ फूट लांब आणि ४ इंच जाड अशा एका डांबात सुमारे २८ ग्रॅम आर्सेनिक भरते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक चालत नाही. त्या हिशेबाने एका डांबातील आर्सेनिक सुमारे २८ लाख लिटर पाण्याला ती मर्यादा गाठायला लावील एवढे आहे.

सर्वप्रथम डांब ओळखावे. नव्या डांबावर हिरवट झाक असते, पण उन्हापावसात ती उडून लाकूड राखाडी दिसू लागते, त्यामुळे नुसत्या वरच्या रंगावर विसंबू नये. तुटलेल्या टोकाकडे नीट पाहिले, तर सालीलगतच्या भागात हिरवट कडे आणि मधला गाभा साध्या लाकडाच्या रंगाचा, असा भेद पुष्कळदा स्पष्ट दिसतो. डांब काळपट, तेलकट असेल आणि उन्हात त्याला डांबरासारखा वास येत असेल, तर त्यावर क्रिओसोट, म्हणजे कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल, आहे असे समजावे. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांवरही तेच असते. त्यात आर्सेनिक नसले तरी कर्करोगाला कारण ठरणारी संयुगे असतात, म्हणून तेही चुलीत घालू नये. शंका उरली तर धातूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत तुकडा द्यावा. क्ष-किरणांवर चालणारे हातातील यंत्र लाकडातील आर्सेनिक काही मिनिटांत दाखवते. तपासणी करणे शक्य नसेल, तर जमिनीत अनेक वर्षे राहूनही ज्याला वाळवी लागलेली नाही असे साधे लाकडी डांब औषध मारलेलेच आहे, असे धरून चालणे शहाणपणाचे.

आता जाळण्याविषयी, कारण सर्वांत मोठी हानी येथेच होते. जाळल्यावर आर्सेनिकचा काही भाग धुरातून निघून जातो आणि उरलेला तांबे व क्रोमियमसह राखेत राहतो. दहा-बारा किलोच्या डांबाची राख उरते ती मूठ-दोन मूठ, म्हणजे अखंड डांबात विखुरलेले विष त्या मुठीत एकवटते. अशा राखेने भांडी घासणे किंवा ती शेतात खत म्हणून पसरणे किती घातक आहे, हे वेगळे सांगायला नको. गुरांना राखेची खारट चव आवडते; पडलेली राख चाटून जनावरे दगावल्याच्या नोंदी परदेशी पशुवैद्यकांनी केल्या आहेत. म्हणून चूल, बंब, गुऱ्हाळ, वीटभट्टी, नाश्त्याच्या दुकानाची भट्टी यांपैकी कोठेही हे लाकूड देऊ नये. फाल्गुनात मोहल्ल्यातील मुले होळीसाठी जुने लाकूड मागायला येतात, तेव्हा त्यांना आधीच समजावून सांगावे, कारण होळीभोवती तान्ही मुले आणि म्हातारी माणसे धुरात उभी असतात आणि दुसऱ्या दिवशी हीच राख कपाळाला लागते.

ढलप्या करून आच्छादन, कंपोस्ट, गोठ्यातील बिछायत किंवा कोंबड्यांच्या खुराड्यातील भुसा म्हणून वापरणेही तितकेच चुकीचे आहे. इंदूर शहरातील ओला कचरा देवगुराडिया येथे २०२२ साली दिवसाला ५५० टन क्षमतेने सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाकडे जातो आणि तेथे गॅसबरोबर खतही निघते. बागेच्या काडीकचऱ्यातून या डांबाचे तुकडे त्या साखळीत गेले, तर ते विष कोणाच्या तरी भाजीच्या वाफ्यात पोहोचेल.

पुन्हा वापर मात्र मनापासून करावा. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात द्राक्षतोडणीच्या यंत्रांमुळे दरवर्षी पुष्कळ डांब मोडतात, आणि मोडलेले पण लांबीने पुरेसे उरलेले डांब तेथे गुरामेंढ्यांच्या कुरणांना कुंपण म्हणून जातात. आपल्याकडेही डांब बहुधा जमिनीलगत कुजते. वरचा साडेपाच-सहा फुटांचा भाग ठणठणीत असतो. तो शेताच्या कडेचे तारेचे कुंपण, फाटकाचा खांब किंवा बांधाचा आधार यांसाठी उत्तम. भाजीच्या वाफ्याची कड, गव्हाण, खुराड्यातील दांडी, मधमाश्यांची पेटी, मुलांचा झोपाळा आणि विहिरीवरील काहीही यांसाठी तो वापरू नये. डांब उपटल्यावर तार आणि यू-खिळे पक्कडीने काढावेत. तार अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) देता येते, पण लाकूड त्याला देऊ नये, कारण ते पुढे कोणाच्या चुलीत जाईल यावर आपला काही ताबा राहत नाही.

कापणे शक्य तितके टाळावे आणि लांबीचे डांब लांबीच्याच कामाला लावावे. कापावेच लागले, तर घरापासून दूर, ताडपत्री अंथरून, लाकूड ओले करून हातकरवतीने कापावे. विजेच्या करवतीने बारीक धूळ उडते आणि तीच फुप्फुसांत जाते. एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि अंगभर कपडे हवेतच. भुसा ताडपत्रीसकट गुंडाळून जाड पिशवीत भरावा आणि ती पिशवी निकामी तुकड्यांबरोबर ठेवावी. पाणी पिण्यापूर्वी, तंबाखू मळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

निकामी डांब पावसाळ्यापूर्वी सिमेंटच्या ओट्यावर किंवा विटांवर रचून ताडपत्रीने झाकावेत, विहीर आणि नाल्यापासून लांब. खड्ड्यात पुरून टाकण्याचा मोह होतो, पण माळव्यातील काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते.

महापालिकेच्या गाडीत घातक घरगुती कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, पण तो बॅटऱ्या, रंगाचे डबे यांसाठी आहे. डांबांचा ढीग त्यात मावत नाही. ढीग मोठा असेल, तर मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंदूर कार्यालयाला लेखी विचारावे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत निचरा-चाचणीत (कचऱ्यातून पाण्यात किती विष उतरते हे पाहणाऱ्या चाचणीत) लिटरमागे ५ मिलिग्रॅम आर्सेनिक ही मर्यादा आहे, त्यामुळे नमुन्याची ही चाचणी करून घेतली की पुढचे बोलणे सोपे होते. घातक कचरा पुरण्यासाठी अस्तर घातलेली सुरक्षित भराव-जागा पिथमपूर येथील प्रक्रिया केंद्रात आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा कचरा जानेवारी २०२५ मध्ये याच केंद्रात आणला गेला. एकट्याने नेण्याचा खर्च परवडणारा नसतो, म्हणून शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच गाडी करणे बरे. घातक ठरलेला माल अधिकृत वाहनातूनच जावा आणि त्यासोबत दहा क्रमांकाच्या फॉर्ममधील वाहतूक-चिठ्ठी असावी. तिची प्रत जपून ठेवावी.

डांब गेल्यावरही त्याच्या बुंध्याला लागून असलेल्या काही इंच मातीत पाझरलेले धातू राहतात. ती माती खणून इतरत्र पसरू नये, आणि त्या ओळींवर पालक, मेथी, मुळा यांसारखी पाने किंवा कंद खाण्याची पिके घेऊ नयेत. ओळींच्या मधली जागा लागवडीसाठी वापरायची असेल, तर माती तपासून मगच ठरवावे.