रेसच्या घोड्याचा ट्रेनर व्हायचंय? बेळगाव-निपाणीहून निघण्याआधीची तयारी

घोड्याला पळायला शिकवतो तो ट्रेनर, असा आपल्याकडचा समज. प्रत्यक्षात ट्रेनर हा पागेचा कारभारी असतो. मालकांचे घोडे सांभाळायला घेणं, सईस (घोड्याची निगा राखणारा), रायडिंग बॉय (सरावात घोड्यावर बसणारा), जमादार (सईसांचा मुकादम) कामाला ठेवणं, नालबंद आणि डॉक्टर यांच्याशी रोजचं बोलणं, कुठला घोडा कुठल्या रेसमध्ये घालायचा ते ठरवणं, महिन्याला मालकाला बिल पाठवणं, हे सगळं त्याच्याकडे. घोड्याच्या लघवीच्या नमुन्यात नको ते औषध सापडलं तर स्टुअर्डांसमोर, म्हणजे रेसचे नियम राखणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर, उभाही तोच राहतो. लायसन्स टर्फ क्लब, म्हणजे रेस भरवणारी संस्था, देतं, आणि त्यासाठी अमुक एक डिग्री असावी असं नाही. म्हणून तयारीची सुरुवात आपण कुठल्या दाराने आत जाणार हे ठरवण्यापासून करा.

दारं चार-पाच आहेत. पहिलं घराण्याचं. बाप किंवा काका ट्रेनर, मुलगा त्याच्या हाताखाली असिस्टंट. आपल्याकडच्या बहुतेकांना ते बंद, त्यावर वेळ घालवू नका. दुसरं जॉकीचं. पेसी श्रॉफ हे देशातले अव्वल जॉकी, खोगिरावरून उतरल्यावर ट्रेनर झाले आणि तिथेही अव्वल ठरले. बाहेर पाहिलं तर आयर्लंडचे एडन ओब्रायन हौशी जॉकी म्हणून चॅम्पियन होते आणि मोठ्या पागेत नोकरी करून वर आले. ऑस्ट्रेलियाचे बार्ट कमिंग्ज बापाच्याच पागेत सईसगिरी करत शिकले, मेलबर्न कप बारा वेळा जिंकले, आणि या माणसाला घोड्याची आणि गवताची अॅलर्जी होती. अमेरिकेचे वेन लुकास तर शाळेत बास्केटबॉल शिकवायचे. आधी क्वार्टर हॉर्स ही छोट्या पल्ल्याची जात, मग थरोब्रेड ही मोठ्या रेसची जात, अशी त्यांची चढण. घराणं नसलं तरी चालतं, एवढं यातून नक्की दिसतं. पण घराणं नसलेल्या प्रत्येकाकडे दुसरं काहीतरी भक्कम होतं.

जॉकीचं दार वयाचं आणि वजनाचं आहे. बंगळूर टर्फ क्लबची शिकाऊ जॉकींची शाळा आहे, तिथं कोवळ्या वयाची, हलक्या अंगाची मुलं घेतात. वय, उंची आणि वजन यांच्या अटी क्लबच्या कचेरीतूनच विचारून घ्या, गावातल्या एजंटाकडून नको. घरात आधी एक गोष्ट बघा: आई-बापाची उंची आणि पोराचे पंजे. चौदाव्या वर्षी नऊ नंबरचं पायताण लागणारं पोर अठराव्या वर्षी पन्नास किलोत राहत नाही. उपाशी राहून वजन उतरवलेला जॉकी फार टिकत नाही. अशा पोराला रायडिंग बॉय किंवा डॉक्टरकीच्या वाटेने नेलेलं बरं.

डॉक्टरकी म्हणजे जनावरांची, बी.व्ही.एस्सी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. कर्नाटकात बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची कॉलेजं आहेत, हेब्बाळचं त्यातलं जुनं. महाराष्ट्रात परळ आणि शिरवळ आपल्याला सोयीची. दोन राज्यांच्या प्रवेशाची रीत वेगळी, त्यामुळे बारावीच्या वर्षी दोन्हींचे अर्ज, दोन्हींचे दाखले तयार ठेवा. महाराष्ट्र शासन सीमाभागातल्या 865 गावांच्या मुलांना शिक्षणात काही सवलती देतं. त्या या कोर्सला लागू आहेत का ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा, आणि गाव यादीत असल्याचा दाखला आधीच काढून ठेवा. इंटर्नशिपमध्ये गाई-म्हशींचा ढीग असतो, घोडा क्वचित दिसतो. म्हणून सुट्टीत स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते तिथे, किंवा रेसकोर्सच्या घोड्यांच्या दवाखान्यात जागा मागा. पुण्याच्या बाजूला पूनावालांचं आणि मांजरीचं फार्म आहे, इकडे तुमकूर जिल्ह्यात कुणिगल.

फौजेचं दार बेळगावात फार कमी लोकांच्या लक्षात येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र डोळ्यासमोर असल्याने सगळी पोरं पायदळाकडे धावतात. घोड्यांचं काम असतं ते रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये, केंद्र मेरठला. रायडर, नालबंद, ड्रेसर (मलमपट्टी करणारा) असे ट्रेड तिथं आहेत. त्या वर्षी जागा आहेत का, हे भरती कार्यालयात नाव घेऊन विचारा, नाहीतर कोणी आपणहून सांगत नाही.

उरलं पागेचं दार, आणि आपल्या भागातून जाणाऱ्या बहुतेकांचं तेच. सईस, मग रायडिंग बॉय किंवा नालबंदाचा मदतनीस, मग जमादार, मग असिस्टंट ट्रेनर, आणि त्यानंतर लायसन्सचा अर्ज, लेखी-तोंडी परीक्षा, स्टुअर्डांची मुलाखत. दहा-बारा वर्षं सहज जातात. यात कष्टापेक्षा कागद आडवा येतो. जमादार घोड्याच्या पायावरून सगळं ओळखतो, पण त्याला रेसचा एंट्री फॉर्म भरता येत नाही, म्हणून तो जमादारच राहतो. दहावी-बारावी सोडून पळू नका, हे इथं अगदी व्यवहाराचं सांगणं आहे. नियमांचं पुस्तक इंग्रजीत असतं. पुण्यात मराठी-हिंदीवर भागतं. बंगळुरात पागेत दखनी हिंदी चालते, कचेरीत कन्नड आणि इंग्रजी. सीमाभागातल्या पोराला कन्नड-मराठी दोन्ही येतं, ही त्याची जमेची बाजू, ती लाजून लपवू नका.

चिकोडी, रायबाग, अथणीकडून येणाऱ्या, घोडागाडीच्या शर्यतीत वाढलेल्या पोरांबद्दल थोडं सविस्तर. त्यांचा हात चांगला असतो. घोडा कुठल्या पायावर भार देतो, कधी बिथरणार, हे त्यांना न सांगता कळतं. पण तीन गोष्टी डोक्यातून काढाव्या लागतात. पहिली, जत्रेच्या आदल्या दिवशी गूळ, तूप, टॉनिक, सुई देऊन घोडा 'तयार' करणं. रेसचा घोडा आठवडे-महिने हळूहळू वाढवलेल्या कामाने तयार होतो. दुसरी, चाबूक. रेसमध्ये किती वेळा आणि कुठे मारायचा याला मर्यादा आहे, मोडली तर जॉकीला दंड किंवा बंदी. तिसरी, डांबरी रस्त्यावर घोडा पळवणं. कडक जमिनीवर कोवळ्या घोड्याच्या नळीच्या हाडाचा पुढचा भाग दुखावतो, वर सूज येते आणि घोडा हात लावू देत नाही. दोन वर्षांच्या घोड्यात हे हमखास होतं, आणि त्याला विश्रांतीवाचून औषध नाही.

आता हाताची तयारी, जी गावातल्या साध्या तट्टावरही करता येते. रोज पहाटे, घोडा कामाला निघायच्या आधी, चारी पाय हाताने बघा. तळहातापेक्षा हाताच्या मागच्या बाजूला उष्णता लवकर कळते. दोन्ही पुढचे पाय एकामागून एक चाचपा, कारण डावा गरम आहे हे उजव्याशी ताडल्याशिवाय समजत नाही. मग पाय उचलून गुडघ्यामागून खाली खुराच्या सांध्यापर्यंत शिरेवरून (रक्तवाहिनी नव्हे, टेंडन) अंगठा आणि बोट फिरवत न्या. निरोगी शीर दोरीसारखी घट्ट, कडा स्पष्ट. कुठे फुगीर, लिबलिबीत लागली किंवा घोड्याने पाय झटकला, तर त्या दिवशी काम नाही, बर्फ किंवा थंड पाण्याची धार वीस मिनिटं, आणि डॉक्टर. इथं एक दिवस रेटला तर वर्ष जातं. मग कडक सपाट जागेवर दोरी सैल सोडून दुडक्या चालीत घोडा पळवून बघा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, बरा पाय टेकताना खाली घालतो. हे डोळ्यात बसायला शेकडो वेळा बघावं लागतं.

थर्मामीटरला दोरी बांधून टोकाला चिमटा लावा, चिमटा शेपटीच्या केसांना, नाहीतर थर्मामीटर आत जातो किंवा खाली पडून फुटतो. ताप 37.5 ते 38.5 सेल्सिअसच्या आत हवा. विश्रांतीत नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44, श्वास 8 ते 16. प्रत्येक घोड्याची स्वतःची सवय वेगळी, म्हणून वही ठेवा: तारीख, ताप, किती चंदी (दाणा) उरली, लीद कशी. सकाळी गव्हाणीत उरलेला दाणा ही आजाराची पहिली खबर, खोकल्याच्याही आधीची.

स्टॉपवॉच घ्या. ट्रॅकवर्कच्या, म्हणजे घोड्यांच्या सकाळच्या सरावाच्या, बातमीत '1000/1-08, 600/40' असं छापतात. म्हणजे शेवटचे 1000 मीटर 1 मिनिट 8 सेकंदांत आणि त्यातले शेवटचे 600 मीटर 40 सेकंदांत. दर 200 मीटरला किती सेकंद लागले ते न बघता सांगता यायला हवं. पंधराच्या आसपास असेल तर अर्ध्या जोराचं काम, बारा-तेरा म्हणजे जवळपास रेसची चाल. खांबांमधलं अंतर मोजलेलं असेल तर गावच्या मैदानावरही सराव होतो, मोटरसायकलवरसुद्धा होतो.

चंदीबद्दल. साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या दोन-अडीच टक्के कोरडं खाद्य, त्यात निदान वजनाच्या एक टक्का वैरण, बाकी ओट, सातू वगैरे, दिवसात तीन-चार वेळा विभागून. एका वेळी दाणा जास्त गेला की पोटशूळ. खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवस लावून. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कामात कंबरेचे स्नायू आखडतात, लघवी चहासारखी येते. गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून बादलीभर घालू नका. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, हाडं पोकळ होतात. आपल्याकडे मका भरपूर पिकतो, पण बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूवर जातो, आणि त्यातून घोडा बहुधा वाचत नाही. गाई-कोंबड्यांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला विष आहे, म्हणून जनावरांच्या पोत्यातला डबा घोड्याच्या पोत्यात बुडवायचा नाही. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

औषधांची शिस्त सईस असल्यापासूनच अंगी लावून घ्या. चहात बुडवलेला पाव, चॉकलेट, खसखस पडलेला दाणा यांतलं काहीही नमुन्यात दिसू शकतं. कापराचा किंवा मिरचीचा बाम स्वतःच्या पाठीला चोळून त्याच हाताने घोडा धरला तरी भानगड होते. जॉकीला पैज लावायची परवानगी नाही. पागेतली बातमी बाहेर विकणाऱ्याचं नाव पडलं की त्याला ट्रेनरची मुलाखतसुद्धा मिळत नाही.

कागदपत्रांत आधार, शाळा सोडल्याचा दाखला, डॉक्टरी दाखला, पोलीस पडताळणी, धनुर्वाताची लस. घोड्याचेही कागद ओळखता आले पाहिजेत: त्याचा पासपोर्ट, मायक्रोचिप, खुणांचा नकाशा. ही नोंद पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटीकडे असते. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या रोगाची साथ आली की घोड्यांची ने-आण थांबते, त्यामुळे लसी आणि तपासण्यांच्या तारखा पाठ हव्यात.

पैशाचं साधं गणित मांडा. ट्रेनरला दर घोड्यामागे महिन्याची फी मिळते, जिंकलेल्या बक्षिसातला साधारण दहावा हिस्सा मिळतो, पण सईसांचा पगार आणि चंदी आधी द्यावी लागते, मालक मात्र उशिरा देतो. चार-सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर लायसन्स मिळूनही पागा चालत नाही. म्हणून असिस्टंट असतानाच दोन-तीन मालकांशी सरळ, खरं बोलायची सवय ठेवा. 'हा घोडा जिंकणार नाही' असं सांगणाऱ्याकडे मालक पुन्हा येतो. धंद्यावर कराचा भारही आहे. घोड्यांच्या पैजांवर 2017 पासून 28 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. बंगळुरात 2024 मध्ये परवान्याच्या वादात रेसेस काही काळ थांबल्या, त्याच वर्षी चेन्नईत रेसकोर्सच्या जमिनीचा भाडेपट्टा रद्द झाला. एकाच क्लबच्या भरवशावर राहू नका. नालबंदी किंवा मलमपट्टी असं एक हातचं काम बरोबर असू द्या, ते स्टड फार्मवर आणि रायडिंग क्लबातही खपतं.

कधी निघायचं तेही बघून ठरवा. पुण्याचा सीझन जुलै ते ऑक्टोबर, मुंबईचा त्यानंतर एप्रिलपर्यंत, बंगळूरचा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, म्हैसूरचा पावसाळ्यात. माणसं हवी असतात ती सीझनच्या दोन-तीन आठवडे आधी. पुण्याला जायचं तर जूनच्या मध्यात पोचा, बेळगावहून रात्रीच्या बसने सकाळी स्वारगेट. बंगळूरला जायचं तर राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस. पिशवीत रबरी बूट, रेनकोट, टॉर्च, खुराची खरवडणी, स्टॉपवॉच, वही आणि दोन महिन्यांचं जेवण निघेल एवढे पैसे. पागेच्या दारात पहाटे चारला उभं राहा, कारण नऊनंतर ट्रेनर भेटत नाही. भेटला तर लायसन्सची भाषा काढू नका, 'दोन घोडे सांभाळायला द्या' एवढंच मागा.