चराऊ माळांवर नोंदी घेताना या चुका टाळा

माळावरच्या वनस्पती आणि माती यांची नोंद करताना फॉर्ममधला एखादा रकाना रिकामा राहिला, तर टॅब्लेटच तुम्हाला अडवतो. अशी चूक तिथल्या तिथे सुधारली जाते. घात करतात त्या टॅब्लेटला न कळणाऱ्या चुका. टेप तिरकी लागली, सळई नकळत झुडपाकडे वळवली, मातीऐवजी खडाच तपासला, तरी आकडा मात्र अगदी सभ्य दिसतो.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे (बीएलएम) सुमारे २४.५ कोटी एकर सार्वजनिक जमीन आहे. तिच्यावरच्या वनस्पतींची आणि मातीची एकाच पद्धतीने नोंद व्हावी म्हणून २०११ पासून ‘एआयएम’ (असेसमेंट, इन्व्हेंटरी अँड मॉनिटरिंग) हा कार्यक्रम चालतो. प्रत्येक प्लॉट म्हणजे ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ. केंद्रापासून ५ मीटर सोडून ०, १२० आणि २४० अंशांवर २५ मीटरच्या तीन रेषा आखायच्या आणि दर अर्ध्या मीटरला एक सळई सोडून ती कशाकशाला लागते ते नोंदवायचं. एका प्लॉटवर १५० सळया होतात. काही वर्षांनी दुसरीच माणसं येऊन त्याच रेषा मोजतील आणि त्यांचे आकडे तुमच्या आकड्यांशी ताडून पाहिले जातील. त्या वेळी खुलासा करायला तुम्ही तिथे नसाल.

‘इथे काहीच नाही, थोडं पुढे घेऊ या’

नवख्या टीमची ही पहिली चूक. दोन तास गाडी हाकून पोहोचावं आणि समोर नुसती भेगाळलेली चिकणमाती दिसावी, की पन्नास पावलांवरचा हिरवा पट्टा खुणावू लागतो. पण प्लॉट यादृच्छिक पद्धतीने निवडलेले असतात, त्यामुळे उजाड जागा हीसुद्धा माहितीच आहे. बिंदू हलवायची किंवा नाकारायची कारणं नियमावलीत दिलेली असतात. कंटाळा त्यांत नाही.

होकायंत्र

नेवाडात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत साधारण ११ ते १३ अंशांचा फरक पडतो, त्याला दिक्पात म्हणतात. १२ अंशांची चूक झाली, तर ३० मीटरवर रेषेचं टोक सहा मीटरहून जास्त सरकतं. म्हणजे पुढची टीम वेगळीच झुडपं मोजत बसते. याहून वाईट प्रकार मी स्वतः केला आहे. होकायंत्रात दिक्पात आधीच लावलेला होता, तरी मी तो डोक्यात पुन्हा धरला आणि चूक उलट दिशेने तितकीच झाली. सीझन सुरू होताना टीममधली सगळी होकायंत्रं एकाच लांबच्या शिखरावर रोखून पाहा. आकडे जुळले नाहीत, तर काय बिघडलंय ते तिथेच कळेल.

पाय कुठे पडतात

टेप ताणलेली, सरळ आणि जमिनीलगत हवी. सेजब्रशचं झुडूप आडवं आलं म्हणून वळसा घेतला, की रेषा मोडली. टेप लावताना आणि वाचताना सगळ्यांनी एकाच बाजूने चालायचं, दुसरी बाजू अस्पर्श ठेवायची. बॅगा केंद्रावर टाकायची सवय तर मोडाच. ग्रेट बेसिन आणि कोलोरॅडो पठारावर मातीवर शेवाळ, दगडफूल आणि सायनोबॅक्टेरियांची काळसर खपली असते. बुटाखाली ती चुरते आणि पुन्हा धरायला वर्षं, कधी दशकंही जातात. सकाळी बेफिकीरपणे फिरलात, तर दुपारी स्वतःच्याच पायांनी केलेली उघडी माती मोजाल.

सळई

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माणसाच्या डोळ्याला फूल दिसतं, उंच काडी दिसते आणि हात नकळत तिकडे वळतो. सळई टेपच्या खुणेवर उभी धरा, दर वेळी तितक्याच उंचीवरून सोडा आणि ती जिथे पडेल तिथेच वाचा. नोंद वरून खाली जाते. सर्वांत आधी काय लागलं, त्याखाली कोणत्या जाती (एका सळईला एक जात एकदाच) आणि शेवटी जमिनीचा पृष्ठभाग. झुडपाची दाट सावली असली की हा शेवटचा भाग हमखास निसटतो. वर गवत, मध्ये पालापाचोळा, तळाशी दगड, असं सगळं असेल तर सगळं नोंदवायचं. ‘उघडी माती’ तेव्हाच, जेव्हा वर काही नाही आणि जमिनीवरही पाचोळा, दगड, शेवाळ यांपैकी काही नाही. उभी सुकलेली काडी ही त्या वनस्पतीचीच नोंद, ‘मृत’ अशी खूण करून. तुटून खाली पडली की तिचा पाचोळा झाला.

जातींचे कोड नोंदवणाऱ्याने मोठ्याने परत म्हणावेत. वाऱ्यात ‘पीओएसई’ आणि ‘पीएसएसपी६’ हे दोन गवतांचे कोड सहज एकमेकांत मिसळतात आणि एकाच्या जागी दुसरंच गवत नोंदलं जातं.

दोघांनी एकच रेषा वेगवेगळी वाचली आणि आकडे जुळले नाहीत, तर सरासरी काढू नका. फरक कुठे आहे ते शोधा. उघड्या मातीत फरक असेल, तर कोणीतरी बारीक पाचोळा सोडून देतंय. झुडपांच्या आच्छादनात असेल, तर सळई वळवली जातेय. फक्त तिसऱ्या रेषेतच असेल, तर दुपारचं जेवण उशिरा झालंय. हे थट्टेने लिहीत नाहीये.

नाव ठाऊक नसणं ही चूक नाही

चुकीचं नाव टाकणं ही मात्र चूक आहे. अनोळखी रोपाला तात्पुरता क्रमांक द्या, फोटो काढा, नमुना वर्तुळाबाहेरून घ्या आणि तो क्रमांक नमुना, फोटो आणि फॉर्म या तिन्हींवर एकच राहील हे पाहा. क्रमांक गल्लत झालेले नमुने ऑगस्टमध्ये ओळखत बसणं ही खरी शिक्षा. फुलोरा नसेल, तर गवताच्या पात्याच्या तळाशी जिभली (तिथला पातळ पापुद्रा) पाहा, पातं गुंडाळलेलं आहे की दुमडलेलं ते पाहा. सेजब्रशच्या उपजाती नजरेने ठरवायचा मोह टाळा. पानं पाण्यात टाकून अतिनील दिव्याखाली धरली, तर डोंगरी उपजात स्पष्ट निळसर चमकते, वायोमिंगची उपजात फारशी नाही.

चीटग्रास या गवताचा वेगळाच डाव असतो. ते शरद ऋतूत उगवतं आणि उन्हाळा लागताच वाळतं. जुलैत पोहोचलेली टीम त्याच्या उभ्या काड्यांना पाचोळा समजते आणि वणव्याला सर्वाधिक खाद्य पुरवणारं गवत कागदावर गायबच होतं.

मातीचा टिकाऊपणा

प्लॉटमधून १८ कण घ्यायचे, प्रत्येक ६ ते ८ मिलिमीटरचा, कोरडा. पाण्यात तो किती तग धरतो यावर १ ते ६ गुण. पहिली चूक म्हणजे घट्ट, देखणे कण वेचणं. उचलतानाच जो चुरतो तो टाकून देऊन दुसरा घ्यायचा नाही, त्याला १ गुण मिळतो. दुसरी चूक म्हणजे आदल्या रात्रीच्या पावसाने ओलावलेली माती तशीच तपासणं. ती आधी वाळू द्या. तिसरी पाण्याची: गाडीच्या कॅनमधलं पाणी नको, डिस्टिल्डच हवं. एका दुपारी आम्हाला ओळीने सहा-सहा गुण मिळाले तेव्हा आम्ही खूश झालो होतो. शेवटी एक कण बोटांनी दाबला, तर तो बारीक खडा निघाला. चाचणी संपल्यावर उरलेला कण नेहमी दाबून पाहा.

मातीचे थर पाहण्यासाठी खणलेल्या खड्ड्याबद्दल थोडक्यात: माती ज्या क्रमाने काढली त्याच क्रमाने परत भरा. हाताने पोत ठरवताना पाणी थेंबाथेंबाने घाला, कारण चिखल झाला की पोत नीट कळत नाही. चुनखडी पाहण्यासाठीचं हायड्रोक्लोरिक आम्ल हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरा.

गाडी आणि रस्ता

चिकणमातीच्या कच्च्या वाटा कोरड्या असताना साध्या दिसतात, पण पावसानंतर गाडी तिथेच रुतते. ढग भरून आले की प्लॉट अर्धवट राहिला तरी निघा. उंच सुक्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने आग लागते. फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. नेवाडा आणि वायोमिंगच्या काही भागांत सरकारी आणि खासगी जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या आलटून पालटून आहेत, त्यामुळे ‘समोरूनच जाऊ’ म्हणण्याआधी नकाशातला मालकीचा थर चालू करा. उपग्रह संदेशयंत्राची चाचणी निघण्यापूर्वी घ्या, दरीत पोहोचल्यावर नको. परतीची वेळ कोणाला कळवली आहे आणि ती टळली तर तो माणूस काय करणार, हेही आधीच ठरवून ठेवा.

आणि रात्री तंबूत पडण्याआधी त्या दिवसाचे फोटो उघडून बघा. फोटोतल्या पाटीवर कधी आदल्या प्लॉटचं नाव राहून गेलेलं असतं. सकाळी तिथून निघण्याआधी कळलं, तर नवा फोटो काढायला पाच मिनिटं पुरतात.