जुन्या मोटारीचा हॉर्न: मूळ दुरुस्त करावा की प्रतिकृती घ्यावी? या चुका टाळा

जुनी मोटार पुन्हा उभी करताना इंजिन, पत्रा आणि रंग यांवर मालक महिनोन्‌महिने विचार करतात. हॉर्नचा निर्णय मात्र बहुधा रॅलीची तारीख जवळ आल्यावर घाईत घेतला जातो. अशा वेळी कोणी भंगारातून मिळालेला एखादा जुना हॉर्न बसवतो, कोणी परदेशातून चकचकीत प्रतिकृती मागवतो, आणि गाडीचा स्वतःचा हॉर्न गॅरेजच्या कोपऱ्यातील खोक्यात जातो व तिथून कायमचा नाहीसा होतो. माझे मत स्पष्ट आहे. गाडीबरोबर आलेला हॉर्न हाताशी असेल तर आधी तोच दुरुस्त करून पाहावा. तो नसेल, तर भलत्याच गाडीच्या जुन्या हॉर्नपेक्षा नीट घडवलेली प्रतिकृती अधिक योग्य ठरते. या निर्णयात वारंवार होणाऱ्या चुका पुढे दिल्या आहेत.

जुना हॉर्न म्हणजे मूळ हॉर्न, असे समजणे

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मिळणारा हॉर्न खरोखर सत्तर वर्षांचा असू शकतो, पण त्यामुळे तो तुमच्या गाडीचा मूळ हॉर्न होत नाही. १९२८ ते १९३१ या वर्षांतील फोर्ड मॉडेल ए ही मोटरवर चालणाऱ्या, ‘आहूगा’ असा आवाज करणाऱ्या हॉर्नची गाडी आहे. तिच्यावर पन्नासच्या दशकातील ल्युकास या ब्रिटिश कंपनीचा गोगलगायीच्या आकाराचा विंडटोन हॉर्न बसवला, तर वस्तू अस्सल असूनही गाडी चुकीची दिसते आणि चुकीची ऐकू येते. मॉडेल एसाठी फोर्डने एकाच कंपनीकडून हॉर्न घेतले नव्हते. स्पार्टन, स्टुअर्ट-वॉर्नर, एम्स आणि ईए अशा वेगवेगळ्या पुरवठादारांचे हॉर्न या गाड्यांवर आले, आणि त्यांच्या मागच्या टोपणांच्या आकारात फरक आहे. एकाचे टोपण आणि दुसऱ्याचे भोंगे जोडून केलेला ‘मूळ’ हॉर्न विकायला असतो, तेव्हा तो जाणकाराकडून तपासून घ्यावा.

ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत हे काम थोडे सोपे आहे. ल्युकास आपल्या हॉर्नवर मॉडेलचे नाव, भाग क्रमांक आणि बनवल्याची तारीख ठोकत असे. ही तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची असेल, तर तो हॉर्न त्या गाडीला शोभतो. गाडी १९५२ ची आणि हॉर्नवरील ठसा १९६१ चा असेल, तर मधे केव्हातरी तो बदलला गेला आहे. त्यामुळे हॉर्न घासायला किंवा रंगवायला देण्यापूर्वी हे ठसे वाचून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण बफिंगच्या चाकाखाली ते पहिल्यांदा झिजतात.

मुका हॉर्न मेला आहे, असे ठरवणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. बटण दाबल्यावर आवाज आला नाही, की हॉर्न निकामी ठरवला जातो आणि प्रतिकृतीची मागणी नोंदवली जाते. प्रत्यक्षात दोष अनेकदा हॉर्नच्या बाहेर असतो. मॉडेल ए आणि बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये हॉर्नपर्यंत वीज सतत पोहोचलेली असते आणि स्टिअरिंगवरील बटण केवळ अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परतणारा मार्ग) जोडते. हा मार्ग स्टिअरिंगच्या दांड्यातून जातो, आणि तिथली गंजलेली पट्टी किंवा तुटकी तार हॉर्नला गप्प करते. याच रचनेमुळे तारांना हात लावण्यापूर्वी बॅटरीचे टोक काढणे आवश्यक आहे, कारण बटण दाबलेले नसतानाही हॉर्नच्या टोकाशी वीज असते.

म्हणून पहिली परीक्षा गाडीबाहेर करावी. हॉर्न काढून बाकावर घट्ट पकडावा, योग्य व्होल्टेजच्या बॅटरीला जाड तारेने आणि मधे फ्यूज घालून जोडावा, शक्य असल्यास अँमीटरही (प्रवाह मोजणारा मीटर) लावावा. तिथे तो वाजला, तर दोष गाडीच्या तारांत आहे. सहा व्होल्टच्या गाड्यांत याचे महत्त्व दुप्पट आहे. तेवढ्याच शक्तीसाठी त्यांत बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह वाहतो, आणि सैल जोडात एक व्होल्ट जरी हरवला तरी एकूण दाबाचा सहावा भाग गेलेला असतो.

बाकावरही हॉर्न गप्प राहिला, तर त्याचे काम कसे चालते ते समजून घ्यावे. साध्या विद्युत हॉर्नमध्ये कॉइल (तारेचे वेटोळे) चुंबक बनून आर्मेचरला (लोखंडी तुकड्याला) खेचते, आर्मेचरबरोबर धातूचा पातळ पडदा वाकतो, तेवढ्यात पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडतात, प्रवाह तुटतो, पडदा मागे येतो आणि पॉइंट पुन्हा मिटतात. हे चक्र दर सेकंदाला शेकडो वेळा घडते. यावरून अँमीटरची भाषा कळते. काटा मुळीच हलला नाही, तर पॉइंटवर गंज किंवा थर आहे, ते मिटतच नाहीत किंवा कॉइल तुटली आहे. काटा वर जाऊन स्थिर राहिला आणि हॉर्नने फक्त ‘टक्’ केले, तर पॉइंट उघडत नाहीत. अशा स्थितीत बटण दाबून धरल्यास कॉइल जळते, म्हणून प्रत्येक परीक्षा क्षणभराचीच असावी.

पॉइंट बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ करावेत आणि नंतर स्पिरिटने पुसावेत. समायोजनाचा स्क्रू एका वेळी अगदी थोडा फिरवावा आणि प्रत्येक वेळी आवाज ऐकावा. आवाज मोठा करण्याच्या नादात तो फिरवत राहणारे कारागीर चांगला हॉर्न बिघडवतात. हा स्क्रू पॉइंट केव्हा उघडावेत ते ठरवतो आणि योग्य जागी तो असला, तरच हॉर्न कमी प्रवाहात स्वच्छ वाजतो.

पडद्याखालच्या पॅकिंगकडे तर फार थोड्यांचे लक्ष जाते. ते केवळ पाणी अडवण्यासाठी नसते. आर्मेचर आणि कॉइलचा लोखंडी गाभा यांतील अंतर त्याच्या जाडीवर अवलंबून असते. जुने कागदी पॅकिंग फाटले म्हणून तिथे जाड रबर किंवा सिलिकॉनचा थर दिला, तर अंतर बदलते आणि सर्व काही नवे असूनही हॉर्न घोगरा वाजतो किंवा वाजतच नाही. उघडताना जुन्या पॅकिंगची जाडी मोजावी आणि तेवढ्याच जाडीच्या कागदाचे नवे कापावे.

क्लॅक्सन जातीच्या हॉर्नची रचना वेगळी आहे; मॉडेल एचा ‘आहूगा’ हॉर्नही याच जातीचा. मिलर रीझ हचिसन या अमेरिकी संशोधकाचा हा हॉर्न १९०८ च्या सुमारास बाजारात आला. त्यात एक छोटी मोटर दातेरी चाक फिरवते, आणि चाकाचे दाते पडद्याच्या मध्यावरील पोलादी खिळ्यावर घासून त्याला हादरवतात. मोटर वेग घेते तसा सूर चढतो, मंदावते तसा उतरतो. असा हॉर्न गप्प असेल, तर दशकानुदशके घट्ट झालेले ग्रीस, झिजलेले कार्बन ब्रश आणि काळवंडलेला कम्युटेटर (ब्रश ज्यावर टेकतात तो मोटरचा फिरता भाग) हे पहिले संशयित असतात. मोटर फिरते पण आवाज नाही, असे असेल तर चाक आणि खिळा यांतील अंतर वाढलेले असते आणि मागील स्क्रूने ते कमी करता येते. कॉइल किंवा मोटरचे फिरणारे आर्मेचर जळाले असले, तरी रीवाइंडिंग (नवी तार गुंडाळण्याचे काम) करणारा चांगला कारागीर ते पुन्हा भरू शकतो. पडद्याला तडा गेला असेल किंवा भोंग्याचा पत्रा गंजून चाळणी झाला असेल, तेव्हा मात्र मूळ हॉर्न बाजूला ठेवण्याचा विचार रास्त आहे.

चमकेसाठी हॉर्न बिघडवणे

क्रोमचा मुलामा मोटारींवर विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला. त्यापूर्वीच्या गाड्यांवर निकेल, पितळ किंवा काळा एनॅमल रंग असे. निकेलला किंचित पिवळसर उबदार छटा असते, आणि १९२४ च्या गाडीवर निळसर क्रोमचा हॉर्न जाणत्या डोळ्यांना लगेच खटकतो. पावडर कोटिंगची अडचण वेगळी आहे. ज्या हॉर्नला त्याच्या ब्रॅकेटमधून अर्थ मिळतो, तिथे हा जाड थर वीज अडवतो आणि नुकताच दुरुस्त केलेला हॉर्न गाडीवर चढताच मुका होतो. जोडाच्या जागा उघड्या धातूच्या ठेवाव्यात. पडद्यावर रंग मारणे तर टाळावेच, कारण वजन वाढले की सूर बदलतो.

प्रतिकृती फक्त बाहेरून पाहणे

प्रतिकृतीचे छायाचित्र जवळजवळ नेहमीच सुंदर असते. खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्न मात्र आतल्या यंत्रणेविषयीचे आहेत. हॉर्न सहा व्होल्टचा आहे की बाराचा? किती प्रवाह घेतो? मागचे टोपण स्क्रूने उघडते की रिव्हेटने कायमचे बंद आहे? पॉइंट किंवा ब्रश बदलता येतात का? विक्रेता ही उत्तरे देऊ शकत नसेल, तर तो हॉर्न घेऊ नये.

आहूगा जातीच्या स्वस्त प्रतिकृतींत आणखी एक अडचण दडलेली असते. जुन्या हॉर्नच्या मोटरमध्ये चुंबकाऐवजी सिरीज पद्धतीने जोडलेल्या कॉइल असत. त्यामुळे पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले) असो की निगेटिव्ह (ऋण टोक जोडलेले), ती मोटर एकाच दिशेने फिरे. आजच्या प्रतिकृतीत बहुधा कायम चुंबकाची छोटी मोटर असते आणि तारा उलट जोडल्या तर ती उलटी फिरते. मॉडेल ए आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. तिथे अशा मोटरच्या चाकाचे दाते खिळ्यावर चुकीच्या बाजूने घासतात, आवाज केविलवाणा येतो आणि दोष ‘मालाचा’ मानला जातो. शिवाय अशा हॉर्नच्या शरीरातूनच अर्थ जात असेल, तर तारा अदलाबदल करण्याचा मार्गही उरत नाही.

पितळी हातभोंग्यांविषयी वेगळे सांगावे लागते. रबरी फुगा दाबून वाजवायचे हे भोंगे आज मुख्यतः शोभेची वस्तू म्हणून बनतात. त्यांचा पत्रा पातळ असतो, सांधे कच्चे असतात आणि आतील पितळी जीभ पेटीच्या सुराप्रमाणे नेमकी घासून बसवलेली नसते. उलट, मूळ भोंग्याचा फुगा कडक होऊन फुटला असेल, तर फक्त फुगा नवा घ्यावा आणि जीभ हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडून स्वच्छ करून घ्यावी. ब्रासोने घासून पितळ पातळ करणे टाळावे.

व्होल्टेज बदलताना हॉर्न विसरणे

अनेक मालक सहा व्होल्टची गाडी सोयीसाठी बारावर नेतात आणि हॉर्न तसाच ठेवतात. तो काही दिवस खणखणीत वाजतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण पॉइंट जळू लागतात आणि कॉइल तापते. अशा वेळी योग्य क्षमतेचा रेझिस्टर (प्रवाह कमी करणारा भाग) घालावा किंवा कॉइल बारा व्होल्टसाठी पुन्हा भरून घ्यावी. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण बाहेरून काहीही बदललेले दिसत नाही.

विंडटोनची जोडी बरीच वीज घेते, दोन्ही मिळून दहा अँपिअरच्या वर. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) बसवल्याने स्टिअरिंगच्या जुन्या बटणावरील भार उतरतो आणि तो बदल सहज काढताही येतो. रिलेमध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल, तर पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत तो उलटा जोडला जाऊन शॉर्ट होतो. साधा, डायोड नसलेला रिले मागावा.

जोडीतील एकच हॉर्न बदलणे

विंडटोनच्या जोडीत एक खर्जाचा आणि एक वरच्या सुराचा हॉर्न असतो आणि अनेकांवर त्यासाठी एल व एच ही अक्षरे असतात. सूर वळलेल्या भोंग्यातील हवेच्या लांबीवर ठरतो. एकच हॉर्न प्रतिकृतीचा आणला, तर दोन सूर एकमेकांशी जुळत नाहीत आणि कानाला ते सतत बोचते. एकतर जोडीतील हरवलेला मूळ हॉर्न त्याच मॉडेल क्रमांकाचा शोधावा, नाहीतर दोन्ही बदलून जुना जपून ठेवावा. भोंग्याला खोल पोचा असेल तर तोही सूर बिघडवतो, म्हणून खरेदीपूर्वी बोट फिरवून पाहावे.

रस्त्याचा विचार न करणे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे आणि अवाजवी कर्कश आवाजाचे हॉर्न वाहनावर लावता येत नाहीत. ‘विंटेज’ म्हणून विकले जाणारे गाणी वाजवणारे भोंगे आणि ट्रकचे एअर हॉर्न म्हणूनच टाळावेत. आजच्या गर्दीत मूळ हॉर्नचा आवाज पुरत नसेल, तर ग्रिलच्या मागे न दिसेल असा साधा आधुनिक हॉर्न वेगळ्या बटणावर बसवावा आणि त्यासाठी मूळ पत्र्याला नवे भोक पाडू नये.

प्रतिकृती बसवायचीच असेल, तर काढलेला मूळ हॉर्न कोरडा करून, पॉइंटवर तेल न लागू देता, मेणकागदात गुंडाळून ठेवावा. त्यावर गाडीचा क्रमांक, काढल्याची तारीख आणि आढळलेला दोष यांची चिठ्ठी बांधावी. परीक्षकाने किंवा खरेदीदाराने विचारल्यास गाडीवर प्रतिकृती आहे हे सांगावे आणि ही चिठ्ठी मूळ हॉर्नसह पुढच्या मालकाच्या हाती द्यावी.